मालनसाठी डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर

ति. सहादूदादा यांस,
नाशिकहून पुंजारामचा साष्टांग नमस्कार. लताबाई वहिनींनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, यंदा नागलीला पाऊस पुरला का, ते कळवावे. मालनची तब्येत विचारत नाही, कारण तुमची बहीण सोमवारपासून पेठला तुमच्याकडेच आहे. ती अशी अचानक का आली, हे तिने सांगितलं नसेल (सांगितलं असेल तर तिच्या बाजूने सांगितलं असेल), म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि अर्धी आळी ऐकते.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात मालनचे कान गेले, तेव्हापासून आमचा संसार पाटीवर चालला आहे. मी लिहायचं, तिने वाचायचं. 'भाजी कोणती आणू' एवढं पाटीवर मावतं, बाकीचं मावत नाही. मग आमच्या लेकीने, शुभांगीने, पुण्याहून शोधून काढलं की, आपण बोललो की पडद्यावर मराठीत अक्षरं उमटतात असं एक सॉफ्टवेअर आहे. मोबाइलवरही मिळतं, पण मुंगीएवढी अक्षरं मालनला दिसत नाहीत. म्हणून आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. शुभांगीने लिंक पाठवली आणि म्हणाली, "पप्पा, फक्त क्लिक करायचं." तो 'फक्त' मला चार दिवस पुरला.

पहिल्या दिवशी डाउनलोड चाळीस टक्क्यांवर येऊन थांबलं. शुभांगीने फोनवरून इंटरनेटचा डबा बंद करून चालू करायला सांगितला. केला. एकेचाळीस टक्के झाले. मी खुर्चीतून उठून गॅलरीत, गॅलरीतून परत खुर्चीत, अशा इतक्या फेऱ्या मारल्या की मालनने पाटीवर 'पोट बिघडलं का' असं लिहून मला दाखवलं (तिला बोलता येतं, पण रागात ती लिहिते). दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरात जागा नाही असं निघालं. मी पाटबंधारे खात्यातल्या नोकरीच्या काळचे तक्ते पुसून टाकले. सही-शिक्क्याची सवय असल्यामुळे एकेक पुसण्याआधी त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी फाइल पूर्ण उतरली, पण ती उघडायला गेलं की 'तारीख जुळत नाही' अशी पाटी यायची. शुभांगी म्हणाली, "पप्पा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

एक जानेवारी दोन हजार बारा. दादा, आतला बटणासारखा सेल संपल्यामुळे कॉम्प्युटरला अजून तेच साल चालू आहे असं वाटत होतं. त्याच्या हिशेबाने मी नोकरीत होतो आणि मालनला ऐकू येत होतं. मला त्याचा राग आला नाही. इथल्या द्वारका चौकातल्या दुकानातून सेल आणला, तिथल्या राखी नावाच्या मुलीने तो कसा बसवायचा ते दाखवलं होतं, तसा बसवला. तारीख बदलली आणि चौथ्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू झालं.

मी माइकसमोर म्हणालो, "मालन, ऐकू येतंय का?" पडद्यावर बोटाएवढ्या अक्षरांत ते उमटलं. ती वाचून हसली, मग पदराने डोळे पुसले. मला म्हणाली, "चालूच राहू दे." मीही राहू दिलं. इथेच चूक झाली.

दोन वर्षांत मला एक सवय लागली आहे. तिला ऐकू येत नाही म्हणून मी घरात वावरताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलतो. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत खुर्चीत बसलो होतो आणि ती माझ्यामागे उभी राहून वाचत होती. भाजी खारट असते, पाहुणे फार येतात, साडी तिला शोभत नाही, असं बरंच काही एक अक्षर न चुकता उमटलं. तिने विचारलं, "हे दोन वर्षं रोज चाललं होतं?" मी म्हणालो, नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'नाही' आलं. खोटं मोठ्या अक्षरांत फार वाईट दिसतं, दादा. तिने पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघाली.

कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.
तुमचा,
पुंजाराम

ता. क. तुम्हाला मी 'चिक्कू' म्हणालो असं ती सांगेल. मी फळाबद्दल बोलत होतो.

ता. क. २. फळाबद्दल बोलत नव्हतो. माफ करा.

ता. क. ३. तीन दिवस मी घरात एक शब्द बोललेलो नाही. बडबडायला तोंड उघडतो आणि बंद करतो. तिला ऐकू येत नव्हतं तरी ते सगळं मी तिलाच सांगत होतो, हे मला आता कळलं. तेव्हा एवढं करा. तिला तुमचा फोन द्या, माझा नंबर लावून द्या आणि तुम्ही बाहेर जा. म्हणावं, दोन वर्षांचं काय असेल ते सगळं बोलून घे. मला नीट ऐकू येतं. मी मध्ये बोलणार नाही, आणि बोललोच तर तिला ऐकू जाणार नाही.