मारोतकाकाची दंडार डॉट कॉम

१२ ऑगस्ट २०२५, मोरबी
साइट झाली. टाइल्सच्या फॅक्टरीत पॅकिंग करणाऱ्या आठवी नापास पोरानं, म्हणजे मी, केली. वर सुरक्षित साइटचं कुलपाचं चिन्हही आलं. आता मारोतकाकाची दंडार, नाच, गाणी, सोंगं, सगळं जगासमोर. गेल्या साली मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाचायची एकच सुपारी आली. काका म्हणाला, "औंदा तीन नाही आल्या त ढोलकी आड्याले टांगतो. दंडार बंद." मी म्हटलं, तीस मोज.

१४ ऑगस्ट
सर्च केलं. अकराव्या पानापर्यंत गेलो. आपण नाही. कुलदीप (रूममेट, गोंदियाचा, नको तिथं अक्कल) म्हणतो, नव्या साइटवर सर्चवाले भरोसा ठेवत नाहीत, आधी चौकशी करतात. करा ना! आम्ही काय पळून जाऊन राहिलो?

१७ ऑगस्ट
काकाला फोनवर बजावलं. यंदा गावोगाव हिंडायचं नाही. पानठेल्यावर बसून सुपाऱ्या मागायच्या नाहीत. भाव जातो. लोक आपल्याला शोधत येतील. काका म्हणाला, "कोंढा गाववाले मले तीस सालापासून वळखतात. तुया सर्चवाल्याले कोण वळखते?" मी आवाज चढवला. लगेच बरं म्हणाला. माझा वट आहे.

२५ ऑगस्ट
'आमच्याविषयी' लिहिलं. स्थापना १९५२. काकाचा जन्म चौसष्टचा, पण कलेला वय नसतं. बाकी मजकूर जयपूरच्या एका बँडवाल्याचा उचलून मराठी केला. मुख्य कलाकार व डायरेक्टर: अमर. (कोंढ्यात राणीच्या सोंगात डायलॉग विसरलो होतो. माईकचा फॉल्ट.)

३ सप्टेंबर
पत्ता टाकला तर नकाशावरची पिन गोसीखुर्दच्या पाण्यात. जुनं गाव तिथंच होतं, धरणाच्या आधी. सर्चवाले म्हणतात, पत्ता पटवून द्या. काय पाणबुड्या पाठवू? पिन तिथंच ठेवली. खाली लिहिलं, लेक व्ह्यू.

१० सप्टेंबर
कुलदीप म्हणतो, स्वतःचं नाव स्वतः घेऊन चालत नाही, दुसऱ्यांनी घ्यावं लागतं. घेतलं. लंच टाइमात चौदा रिव्ह्यू लिहिले, चौदा नावांनी. पाच-पाच तारे.

१२ सप्टेंबर
चौदाही उडाले. एकच रिव्ह्यू उरला, तो आईनं स्वतः टाकलेला. तीन तारे. "दंडार चांगली आहे. अमर जेवला का बाबू."
जळतात आपल्यावर.

२२ सप्टेंबर
पहिला कॉल! साकोलीहून! घोडी आहे का म्हणाला. बँडवाल्याच्या मजकुरात 'वरातीसाठी पांढरी घोडी मिळेल' राहून गेलं होतं. ओळ काढली नाही. कॉल तर आला.

५ ऑक्टोबर
दोनशे बारा वेळा साइट उघडली गेली! कुलदीप म्हणाला, त्यातले दोनशे दहा तूच. उरलेले दोन? तो आणि आई. असू दे. सुरुवात दोघांपासूनच होते.

१६ ऑक्टोबर
सुपारी एकही नाही. दिवाळी आली. ढोलकी डोळ्यांपुढे लटकते. काकाला फोन करणार होतो. बॅटरी कमी होती. बेचाळीस टक्के.

२४ ऑक्टोबर
आईचा फोन. सुपाऱ्या चार! मी ओरडलो, साइट चालली! आई म्हणाली, "कायची साइट? तू रागावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला तो गाडी घेऊन. दोन महिने पानठेल्यायवर बसला. कोंढ्यावाल्यांनी त पहिल्याच दिवशी सुपारी देली." म्हणजे काकानं मला फसवलं. सख्ख्या पुतण्याला.
आणि कोंढ्याची एक अट आहे म्हणे. मागच्या खेपेचा तो राणीवाला पोरगा नको.
त्या राणीला दोन वर्षं झाली. साइट नाही, कुलूप नाही, रिव्ह्यू नाही. तरी अख्खं गाव विसरलं नाही.
कोंढ्यात मी पहिल्या पानावर आहे.