तेवीस सह्यांची हरकत

१९ जाने., सोम.
पालिकेच्या फलकावर नोटीस लागलीय. चहा अर्धा टाकून बघायला गेलो. घरपट्टीतली सवलत बंद करायचा प्रस्ताव. १६ फेब्रु.ची सर्वसाधारण सभा, विषय क्र. ९. हरकती ३० तारखेपर्यंत.

विधवा, अपंग आणि लहान घरात स्वतः राहणारे, यांना आजवर निम्मी घरपट्टी होती. आता पूर्ण. आमच्या गल्लीत अशी तेवीस घरं. एक आमचं. एक मंदाकाकूंचं.

बाबा म्हणाले, "तू यात पडू नकोस. कॉलेजात भांडलास तेवढं पुरे."

संध्याकाळी काकूंची मुलगी सुवर्णा चिक्कीच्या दुकानातल्या कामावरून येताना आमच्या दारात थांबली. आपणहून. "नोटीस खरीय का रे? मामा आधीच आईच्या मागं लागलाय, घर विका नि देहूरोडला चला म्हणून. पूर्ण पट्टी आली तर आई त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

गल्लीत दोन वकील आहेत, एक मास्तर आहे. तिनं मला विचारलं. म्हणालो, मी बघतो.

ती देहूरोडला गेली तर. पुढचं लिहवत नाही.

२१ जाने., बुध.
अर्ज लिहिला. चार वेळा. पहिल्या तिन्हींत शिव्या आल्या होत्या.

शेवटच्यातला हा भाग मला स्वतःला आवडलाय: "आमची घरे दोन खोल्यांची आहेत. शनिवार-रविवारी पुढची खोली पर्यटकांना भाड्याने देऊन आम्ही स्वयंपाकघरात झोपतो, तेव्हा कुठे घर चालते. अशा लोकांची सवलत काढताना सभागृहाने एकदा आमच्या स्वयंपाकघरात झोपून पाहावे."

खोटं एक अक्षर नाही. हीच तर सगळ्या गल्लीची कथा. मीच शनिवारी नाक्यावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असतो, गाड्या थांबवतो, पाहुणे आणतो. डिप्लोमा सोडल्यापासून तेच काम. (काकूंच्या पाहुण्यांचं कमिशन घेत नाही. त्यांना वाटतं, मी सगळ्यांनाच माफ करतो.)

पहिली सही काकूंची घेतली. कारण उघड आहे. काकूंनी पेन घट्ट धरून, माहेरी भाजे गावच्या शाळेत शिकवली तशी, एक एक अक्षर उभं केलं. सुवर्णानं अर्ज वाचला. "अक्षर बरंय की, इंजिनियर."

रात्रीपर्यंत तेवीस सह्या. एकानंही नीट वाचलं नाही. सगळे म्हणाले, पोरगं एवढं धावतंय तर करा सही.

२३ जाने., शुक्र.
अर्ज दिला. आवक टेबलावर साळुंखे साहेब. चष्मा वर करून सगळा वाचला, मग माझ्याकडं बघितलं.
"तूच लिहिलास?"
"हो."
"कुणाला दाखवलास का आधी?"
"कशाला दाखवू? खरं लिहिलंय."
त्यांनी चष्मा खाली घेतला. शिक्का मारला, पोच दिली. रांगेत मागचा ढकलत होता, त्याच्याशी वाजलं थोडं.

पोच सुवर्णाला दाखवली. तिनं हातात घेतली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. आज जेवण गेलं नाही. सुखानं.

२५ जाने., रवि.
तीन दिवस जोडून सुट्टी. एक्स्प्रेस-वे फुल्ल, गल्ली फुल्ल. काकूंकडं मुंबईचं सात जणांचं कुटुंब. सुवर्णा दारात गाद्या झटकत होती. केसांत कापूस. तिला सांगितलं नाही.

नाक्यावर आमच्या वॉर्डाचे नगरसेवक दादा गाडी थांबवून म्हणाले, "काय रे संकेत, अर्ज वाचला तुझा. साहित्यिकच की तू."
मी हसलो.
"हसू नको. आम्ही सभेत काय म्हणणार होतो माहितीय? विरोधी बाजू ओरडणार की ही सवलतवाली घरं टुरिस्टला खोल्या देतात, ह्यांना कसली सवलत. आम्ही विचारणार होतो, पुरावा काय? आजवर असंच अडवलंय आम्ही. कुणाकडं कागद नव्हता." मग गाडी सुरू केली. "आता कागद आलाय. तेवीस सह्यांनिशी."

मी म्हणालो, म्हणजे?
"म्हणजे सवलत जाईलच. वर घराला कमर्शियल दरानं पट्टी लागेल. तेही मागल्या तारखेपासून. पाणीपट्टीसुद्धा."

त्यानंतर दोन गाड्या माझ्यासमोर थांबल्या. काचा खाली घेऊन विचारत होते, रूम है क्या. जुडगा खिशात घातला नि घराकडं निघालो.

२७ जाने., मंगळ.
 

गल्लीत जो भेटतो तो पाठीवर थाप मारतो. "अर्जाचं काय झालं वकीलसाहेब?" मान हलवतो नि पुढं जातो. सवलत वाचवायला गेलो नि तेवीस घरांकडून कबुली लिहून घेतली मी. स्वतःच्या बापाकडून पण.

साळुंखे साहेबांकडं गेलो. आज रांग नव्हती. अर्ज मागं घेता येईल का?
"येईल. ज्यांना ज्यांना मागं घ्यायचाय त्यांची परत सही आण. सभेच्या आधी, १३ तारखेपर्यंत. कागद कामकाजाला लागायच्या आत."
"आणि कारण काय लिहू?"
"कारण लिहू नकोस. तुझी कारणं लांबतात."
मग खालच्या आवाजात, "त्याच दिवशी सांगणार होतो. तू ऐकण्याच्या अवतारात नव्हतास."

सही परत घ्यायची म्हणजे कशासाठी ते सांगावं लागणार. तेवीस दारांत.

१ फेब्रु., रवि.
मामा आलाय देहूरोडहून. तिथल्या लष्करी डेपोत नोकरीला आहे, पुढच्या वर्षी रिटायर. काकूंच्या ओट्यावर बसून मोठ्यानं बोलत होता, अख्ख्या गल्लीला ऐकू जावं असं. "अक्का, घराला आज भाव हाय. पट्टी वाढली की घेणारा बी पाडून मागंल. पोरीचं बी बघाय पाहिजे. माझ्या ऑफिसातलं एक स्थळ हाय, कायम नोकरी."

सुवर्णा आतून चहा घेऊन आली. मला समोर उभा बघितलं. कप ठेवून आत गेली.

कायम नोकरी. कॉलेजात त्या सरांची कॉलर धरली नसती तर मला पण या जूनमध्ये... जाऊ दे.

३ फेब्रु., मंगळ.
सुरुवात घरापासून. बाबांना सांगितलं. वाटलं मारतील. त्यांनी पेन शोधलं नि म्हणाले, "कागद आण." सही केली. "सगळ्यांना खरं सांग. उतरवताना चूक झाली वगैरे थापा मारू नकोस."

मी नेमकी तीच थाप ठरवली होती.

मग आठ घरं. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले म्हणाले, "आमाला वाटलं शिकलेलं हाय." त्यांच्या बायकोनं दार लावून घेतलं, मग परत उघडून सही केली. शिंदेमावशी हसायलाच लागल्या, "आरं पण लिवलंयस लय झ्याक." त्यांचं हसणं सगळ्यात लागलं.

काकूंच्या दारावरून चार वेळा गेलो. आत गेलो नाही.

६ फेब्रु., शुक्र.
बावीस झाल्या. एक राहिली.

दुपारी चिक्कीच्या दुकानावरून जाताना सुवर्णानं हाक मारली. काउंटरला गिऱ्हाईक होतं, त्याला शेंगदाण्याची नि तिळाची बांधून दिली, सुट्टे परत केले, मग माझ्याकडं न बघता:
"शिंदेमावशींकडून कळलं."
"मी येणारच होतो सांगायला."
"कधी? बावीस घरं हिंडलास. आमचं घर काय लांब कार्ल्याला आहे?"
"भीती वाटत होती."
"कुणाची? आईची?"
तुझी, असं तोंडावर आलं होतं. म्हणालो, हो.
"तिला काय घाबरायचं," म्हणाली. "मला घाबरायचं होतंस. मी त्या शिक्क्यावरून बोट फिरवत बसले होते येड्यासारखी."

दुसरं गिऱ्हाईक आलं.

८ फेब्रु., रवि.
पाहुणे दुपारी गेल्यावर काकूंकडं गेलो. त्या न्हाणीत चादरी आपटत होत्या. सगळं सांगितलं, उभ्यानंच. कागद पुढं केला. बावीस सह्या, तेविसावी ओळ मोकळी.

काकूंनी हात पदराला पुसले. कागद धरला नाही.
"तू अर्जात लिवलंस ते खोटं हाय का?"
"नाही काकू."
"मग मागं काय घ्यायचं?"
मी परत सांगितलं. कमर्शियल, मागल्या तारखेपासून, पाणीपट्टी.
"कळलं मला. चौथी झालीय माझी. ह्यांनी जाताना हे दोन खोल्यांचं घर दिलं, खोली देऊन पोरगी वाढवली. चोरी न्हाई केली. धा वर्सं शेजाऱ्यापाजाऱ्याला बी दबक्या आवाजात बोलतीया, पाहुणे हायेत पाहुणे हायेत. जसं काय मुंबईला माझं सात भाऊ हायेत." हसल्या. "आता एकदा लिवून दिलंय, ते ऱ्हाऊ दे."

सुवर्णा दारात होती. "आई, सही कर. घर जाईल."
"जाईल तवा जाईल. मी खाली मान घालून सवलत न्हाई मागनार."
"मग तो मामा?"
"त्याला मी बघते."

बाहेर आलो. कागद तसाच.

११ फेब्रु., बुध.
हिशेब साधा आहे, दोन रात्री झोप नाही. कागद दिला नाही तर बावीस घरं माझ्यामुळं अडकतात, त्यांना शब्द दिलाय. दिला तर बावीस नावं निघतात आणि अर्जावर एकटी सही उरते, सगळ्यात वरची. मीच आधी घेतलेली.

फाडून टाकावा वाटला. बाबा जणू ओळखून म्हणाले, "ती बावीस माणसं तुझ्या भरवशावर बसलीयत."

१३ फेब्रु., शुक्र.
दिला.

जायच्या आधी काकूंना विचारून गेलो. म्हणाल्या, "दे की. त्यांची पोरंबाळं हायेत. मी कुटं कुणाला थांब म्हणतीया?"

साळुंखे साहेबांना म्हणालो, त्यांच्या सहीखाली माझी घेता येईल का, निदान दोघं तरी. "घर तुझ्या नावावर आहे?" नाही. "मग कसं घेणार?" जरा थांबून म्हणाले, "बाई खंबीर आहे का?" म्हणालो, आहे. "तू आहेस का?"

पोच घेतली नि बाहेर आलो. टेबलावरचं काहीतरी फेकावं असं वाटत होतं, पण राग कुणावर काढायचा. पहिल्यांदाच असं झालं, समोर कुणी नाही.

१६ फेब्रु., सोम.
सभा. प्रेक्षकांच्या बाकावर काकू, सुवर्णा, मी. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. गल्लीतलं बाकी कुणी नाही. आलो असतो पण कारखाना आहे, आलो असतो पण सांधे दुखतात.

विषय नऊ साडेबाराला आला. एक जण म्हणाला, सवलत म्हणजे खिरापत नाही. आमचे दादा म्हणाले, निराधारांच्या ताटातलं काढून रस्ते करणार का. दोन्हीकडून टेबलं वाजली. मग समोरच्या बाजूच्या एकानं माझा अर्ज उचलला नि वाचला. माझं वाक्य, स्वयंपाकघरात झोपून पाहावे. सगळे हसले. कानशिलं तापली. उठणारच होतो, सुवर्णानं मनगट धरून खाली बसवलं. सोडलं नाही.

दादांच्या बाजूचा एक म्हणाला, "यावर एकच सही आहे. बाकीच्यांनी मागं घेतली. म्हणजे अर्ज खोटा असावा."
अध्यक्ष म्हणाले, "अर्जदार आल्यात का?"
काकू उभ्या राहिल्या. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, शिपाई पुढं झाला, अध्यक्षांनी हातानं थांबवलं.
"बाई, तुम्ही खोली भाड्यानं देता?"
"देते. शनवार-रईवार."
"बाकीच्या घरांतूनही देतात?"
 बावीस घरं.
"मी माझ्या घराचं सांगाय आले," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात मी झोपत न्हाई."

कुणी हसलं नाही. दादा उठून म्हणाले, हिला कमर्शियल लावणार असाल तर आधी टेकडीवरच्या बंगल्यांपासून सुरू करा. मग गोंधळ. अर्धा तास. शेवटी ठराव असा की सवलतीचा निर्णय पुढच्या सभेत, तोवर "सदर अर्जदाराच्या घराची" जागेवर पाहणी करायची. येत्या शनिवारी.

परत येताना तिघं चालत. काकू पुढं. सुवर्णा म्हणाली, "शनिवारी पाहुणे असले तर ते लिहून घेणार. नसले तर आई भर सभेत खोटं बोलली ठरणार. आणि आठवडा कशावर काढायचा ते वेगळंच." नंतर, "मामाचा फोन आला होता. शनिवारीच येतोय. कुणाला तरी घर दाखवायला."

मनगट अजून दुखतंय. चांगलं दुखतंय. 

दारात पोचल्यावर काकूंनी मागं वळून विचारलं, "शनवारी नाक्यावर हायेस ना रं? चादरी भिजत घालते मग."

सुवर्णा माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणावं असं तिला वाटत होतं, ते चेहऱ्यावरून कळेना.

हो म्हणालो. घरी येऊन जुडग्यात काकूंची किल्ली सगळ्यात पुढं घेतली.