रजेवर आलेली माणसं

सोमवार, ३
आजपासून लष्करी टपाल तपासणीच्या कचेरीत. खिडकीजवळची जागा मिळाली, चहा दोनदा येतो. आघाडीवरची पत्रं वाचायची आणि गावं, आकडे, रजा, शत्रूची हालचाल यांवर काळी शाई फिरवायची, एवढंच काम. साहेबांनी बजावलं, डोळे इथे आणायचे आणि तोंड घरी ठेवायचं. वाचलेलं आईलाही सांगायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, हा नियम आमच्या ह्यांना लागला असता तर संसार सुखाचा झाला असता.

गुरुवार, ६
एका कॅप्टनची बायकोला लिहिलेली पत्रं माझ्या वाट्याला आली आहेत. आमचा धाकटा भाऊ त्यांच्याच तुकडीत वायरलेसवर आहे. नियमाने हे साहेबांना सांगायला हवं. पण मग पत्रं काढून घेतील. गप्प बसले.
कॅप्टन लिहितात, तुझ्या हातच्या जेवणापेक्षा तुझी कटकट आठवते. शत्रू नदीपलीकडे आहे. गोळी झाडत नाही, नुसता बघत बसतो. ही ओळ काळी केली.

मंगळवार, ११
कॅप्टन लिहितात, परवा ज्या शिपायाला आम्ही पुरलं, तो आज पलीकडच्या काठावर भांडी घासत होता. दुर्बिणीतून नीट पाहिलं. त्याने हात केला.
मावशींना आडून विचारलं. म्हणाल्या, आघाडीवर माणसं भ्रमिष्ट होतात, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस. पण बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या टेबलावरचं पत्र पालथं घातलं.

शनिवार, १५
कॅप्टन लिहितात, शत्रूला जमीन नको आहे, आपली घरं हवी आहेत. लढाई संपेपर्यंत मला रजा नाही. माझ्या चेहऱ्याचं कोणी आलं तर दार उघडू नकोस.
रजा आणि शत्रू. दोन्ही नियमात बसतं. साहेब पाठीमागे उभे होते. सगळं काळं केलं. मायना आणि सही तेवढी उरली.

बुधवार, १९
जाणारं टपालही आम्हीच तपासतो. कॅप्टनच्या बायकोने आघाडीवरच्या आपल्या भावाला लिहिलं आहे. खुशीत आहे. हे अचानक रजेवर आले, म्हणते. जेवत नाहीत, पण शेजारीपाजारी कोण राहतं ते सारखं विचारतात.
आजच्याच टपालात कॅप्टनचं पत्र. आघाडीवरून. परवाच्या तारखेचं.
तिने दार उघडलं. मी शाई फिरवली म्हणून.

शुक्रवार, २१
कॅप्टनचं पत्र. अक्षर घाईतलं. वायरलेसवरचं पोर गेलं, रविवारी पुरलं, असं—
घरी आले तर आई त्याच्या गादीला ऊन दाखवत होती. सांगवलं नाही. उद्या.

शनिवार, २२, दुपार
दार वाजलं. धाकटा आहे. रजा मिळाली म्हणतो. आवाज त्याचाच. खिडकीच्या फटीतून पाहिलं— बूट ओले. घाई नाही. दाराकडे नुसता बघत उभा.
आईला हाताला धरून आत आणलं, सगळं सांगितलं. पुरल्याचंही. ती म्हणाली, इतके दिवस तोंड शिवून बसलीस आणि आता पोर दारात आल्यावर हे सांगतेस, लाज कशी वाटत नाही तुला. मी वाट अडवली, तर—
मला आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली आहे. हाका मारते आहे, ती ऐकत नाही.
दार उघडल्याचा आवाज.
आई रडते आहे. हसतेही आहे. पाणी देऊ का विचारते. तो नको म्हणतो. घरात आणखी कोण असतं, विचारतो.
आई सांगते आहे, तुझी ताई, आत—