तिल्दाच्या खोलीतली हवा

हार्नोसांद, सप्टेंबर

प्रिय मारितताई,

तुला आणि सिक्स्टेन भाऊजींना माझा नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? लाकडं फोडू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ती फोडायला तुला लावलं असेल, असा मला दाट संशय आहे. माझी तब्येत ठीक. (ठीक म्हणजे पाठ दुखते, पण ती सगळ्यांचीच दुखते, तेव्हा ती धरली नाही.) इकडे लिंगोनबेरी भरपूर आहेत. मुरंबा केला, तो करपला, तरी खातो आहे.

पत्राला उशीर झाला, कारण मधल्या काळात मी स्वतःविरुद्ध तक्रार केली होती. घाबरू नकोस, सविस्तर सांगतो.

तुला माहीतच आहे की उल्रिका आणि मी वेगळे झाल्यापासून तिल्दा आईकडे राहते आणि एकाआड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येते. संगीतशाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, पगारही अर्धा. एका खोलीच्या घरावर माझं भागलं असतं. पण मूल आईकडे राहत असलं तरी अधूनमधून बापाकडे राहायला येत असेल आणि बापाची कमाई बेताची असेल, तर मुलासाठी जास्तीची खोली परवडावी म्हणून सरकार घरभत्ता देतं. त्या भत्त्यावर माझी दुसरी खोली उभी आहे. तो गेला की खोली गेली, आणि अकरा वर्षांच्या मुलीला स्वयंपाकघरातल्या बाकावर झोप म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

आता अडचण अशी झाली की वसंतापासून तिल्दा शुक्रवारी संध्याकाळी यायची आणि शनिवारी दुपारीच एवढंसं तोंड करून म्हणायची, "बाबा, डोकं दुखतंय. आईकडे जाऊ?" मी जा म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? (माझी समजूत अशी की या वयात मुलींना बाप कंटाळवाणा वाटतो आणि ते सांगण्याची सभ्य रीत म्हणजे डोकेदुखी. आपण नाही का अण्णांच्या पोस्टाच्या तिकिटांपासून असेच पळायचो!) पण मग रोजनिशी लिहिताना मनात आलं की मुलगी राहतच नाही, तर तिच्या राहण्याचा भत्ता मी कोणत्या तोंडाने घेतो? शिवाय ती नसते तेव्हा तिच्या खोलीत मी अ‍ॅकॉर्डियनचा सराव करतो. म्हणजे सरकारने मुलीसाठी दिलेल्या खोलीत अ‍ॅकॉर्डियन राहतो. मला जेवण जाईना. शेवटी भत्त्याच्या कचेरीत फोन करून सांगितलं की मला मिळतं ते कदाचित जास्त आहे, कृपया चौकशी करा. पलीकडच्या बाई म्हणाल्या, कळवू. मी ठरवून टाकलं की आता कुणीतरी घर तपासायला येणार.

आणि पुढच्याच आठवड्यात बेल वाजली. दारात निळ्या कामाच्या कपड्यांतली एक तरुण बाई, हातात फळी आणि तिला अडकवलेले कागद. तिने दाराशी बूट काढले (मोज्याला भोक होतं, मी नजर वळवली) आणि म्हणाली, "आतली खोली बघायची आहे." तू कोण, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे कागद हातात धरून बूट काढणाऱ्या माणसाला असलं कुणी विचारतं का? कॉफी मात्र विचारली. ती नको म्हणाली. म्हणजे लाच घेत नाही, असं मी मनात नोंदवलं.

"इथे कोण झोपतं?"

"माझी मुलगी. म्हणजे तिने झोपावं अशी व्यवस्था आहे. पण कबूल करतो, हल्ली ती एकच रात्र राहते. आणि मधल्या दिवसांत मी इथे वाजवतो. बहुतेक पोल्का नाचाच्या चालीच."

"बरं," ती म्हणाली आणि स्टुलावर चढली. मी तिला तिल्दाचा दातांचा ब्रश दाखवला. उशी दाखवली. कपाट उघडून तिचे पायमोजे दाखवले. ती छताजवळच्या हवेच्या जाळीकडे बघत होती.

"ही चिकटपट्टी कोणी लावली?"

"मीच." (वरच्या सेदरक्विस्तबाईंनी वसंतात जिन्यात चिठ्ठी लावली होती की त्या जाळीतून कुणाचं तरी संगीत त्यांच्या न्हाणीघरात येतं, तरी 'ज्याला कळायचं त्याला कळेल', आणि खाली एक हसरा चेहरा. मला लगेच कळलं. पट्टी तीन पदरी लावली.)

"अहो, मी घरात हवा खेळते का ते तपासायला आलेय. इमारतीतली सगळी घरं बघतेय. जिन्यात सूचना लावली होती की!"

होती. पण इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीच्या भांडणातल्या चिठ्ठ्या तिच्यावर चिकटवल्या होत्या. कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीतला कापूस कोण काढत नाही यावर पहिली चिठ्ठी, तिला उत्तर, त्या उत्तराला उत्तर. सूचना सगळ्यांच्या खाली.

"मग माझ्या भत्त्याचं?" मी विचारलं.

"ते मला कशाला सांगता? पण अशा कोंडलेल्या खोलीत कुणी झोपलं, तर सकाळी डोकं दुखायचंच."

"दुखतं," मी म्हणालो.

"कोणाचं?"

ताई, मुलीने सरळ सांगितलं होतं की डोकं दुखतंय, आणि मी त्यावर उन्हाळाभर तत्त्वज्ञान लिहीत बसलो. बाईने एका झटक्यात पट्टी ओढली. रंगाचा एक पापुद्राही सोबत आला. मला तोही बरा वाटला.

पुढच्या खेपेला तिल्दा रविवारी रात्रीपर्यंत थांबली आणि जाताना म्हणाली, "इतक्या लवकर जायचं?"

भाऊजींना सांग, लाकडं राहू द्या. तुम्हा दोघांना खूप प्रेम.

तुझा,
एस्किल

ता. क. कचेरीचं उत्तर आलं. भत्ता बरोबरच होता, एक रात्र राहिली तरी चालत होतं. चार रात्री आनंदाने झोपलो.

ता. ता. क. पण आता तिल्दाला एक आठवडा आईकडे आणि एक माझ्याकडे असं राहायचं आहे. उल्रिका हो म्हणाली. त्यामुळे मी 'मुलापासून वेगळा राहणारा पालक' या सदरात बसत नाही, तो भत्ता बंद, नवा अर्ज. मी पुन्हा फोन केला. "म्हणजे हा भत्ता बंद करा म्हणून तुम्हीच सांगताय?" "हो." "तक्रार नाही?" "अजिबात नाही." पलीकडच्या बाईंनी कळफलकावर काहीतरी टंकलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "अभिनंदन."

ता. ता. ता. क. पत्र खरं यासाठीच लिहिलं: तुमच्या कोठारात जो जुना पलंग पडला आहे, तो भाऊजींच्या गाडीला ट्रेलर जोडून आणता येईल का? सध्याच्या पलंगातून तिचे पाय बाहेर येतात. लांब असेल तितका बरा. ती भराभर वाढते आहे, आणि आता ते माझ्यासमोर होणार आहे.