मागची सीट

१५ डिसेंबर २०२४, रविवार

गाडी आली. पाय टेकत नाहीत.

म्हणजे टेकतात, पण नुसते अंगठे. सीट जमिनीपासून आठशे पंचवीस मिलिमीटर वर आहे असं पुस्तकात लिहिलंय. माझ्या तंगड्यांचं माप पुस्तकात नाही. सोलापूरच्या शोरूममधल्या इरा मॅडम म्हणाल्या, "काका, दोन्ही पाय टेकवायचेच नसतात. डावा खाली, उजवा ब्रेकवर. ॲडव्हेंचर बाइकवर सगळे असंच करतात." सगळे म्हणजे पंचविशीतले. मी गेल्या महिन्यात रिटायर झालो. भूम डेपोला एकतीस वर्षं एसटी चालवली. तिथं पाय टेकवायचा प्रश्न कधी आलाच नाही.

सोलापूरहून निघालो तो थेट भूमला येऊन थांबलो. चहा नाही, पाणी नाही. दम होता म्हणून नव्हे — एकदा उतरलो तर परत चढायचं कसं, ही काळजी.

शिवलीला दारात आरतीचं ताट घेऊन उभी. हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ ओवाळला. मग वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "घोडा आणायला गेलावता ना तुम्ही? हा तर उंट हाय."

आता खरं कारण. इथं तरी लिहितो. अठ्ठ्याण्णव साली तिच्या माहेरून, अणदूरहून, येळवसाचं, म्हणजे वेळा अमावस्येचं, जेवण करून मित्राच्या मोटरसायकलवर परत येत होतो. ही मागं. तुळजापूरच्या पुढं वाळूवर घसरलो. मला खरचटलं, हिचा डावा हात मनगटात मोडला. अजून जरा वाकडाच आहे. त्या दिवसापासून ही माझ्या मागं बसलेली नाही. दुचाकीला भिते.

यंदाची येळवस तीस तारखेला. अमावस्येचं जेवण मेव्हण्याच्या शेतात, दरवर्षीसारखं. त्या दिवशी तिला मागं बसवून अणदूरला न्यायचं. गाडी त्यासाठीच घेतली. अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

दिवसभर दारात गर्दी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न — ॲव्हरेज किती? दुसरा — एवढी उंच कशाला? शेजारच्या अंबादास गुरुजींनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "उमाशंकर, शिडी कंपनीच देती का आपण करून घ्यायची?"

मी त्यांना आत नेऊन भिंतीवरचा बिल्ला दाखवला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा. ही चहा घेऊन आली. म्हणाली, "त्यात माझा हात धरलेला न्हाय बरं का गुरुजी." गुरुजी हसले. मीही हसलो. न हसून करतो काय.

१८ डिसेंबर, बुधवार

परंड्याला जाऊन आलो. गाडी म्हणजे गाडी आहे, खोटं कशाला बोलू. खड्डा दिसतो, येतो, आणि खाली कुठंतरी निघून जातो. पाठीला पत्ताच नाही. पुढं काच आहे, वारा डोक्यावरून जातो. मीटर म्हणजे छोटा टीव्ही — पाऊस, रस्ता, माती, काय असेल ते निवडायचं. उभं राहूनही चालवता येते. किल्ल्याजवळ उभा राहून चालवली तर पारावरच्या दोन म्हाताऱ्यांनी नमस्कार केला. कुणाची मिरवणूक वाटली असेल.

हॉर्न मात्र नापास. एसटीचा हॉर्न ऐकला की म्हैस रस्ता सोडायची. हा वाजवला तर म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि रवंथ करत बसली.

सवयी जात नाहीत. वळणावर अर्धा रस्ता घेतो. मागून कुणी शिव्या दिल्या, बरोबरच दिल्या. आणि प्रत्येक थांब्यावर आपोआप स्पीड कमी होतो. एका थांब्यावर बाईनं हात केला, तर मी थांबलोच! कमलबाई. वीस वर्षं भाजीची पाटी घेऊन माझ्या गाडीनं भूमच्या बाजाराला येणारी. म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, कंडक्टर कुठं उतरवला?" मग म्हणाली, "बसू का मागं? फाट्यापस्तोर सोडा."

मी म्हणालो, नवीन गाडी आहे, हजार किलोमीटर होईपर्यंत मागं कुणाला बसवायचं नसतं.

असा काही नियम पुस्तकात नाही. तोंडातून निघून गेला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी शिवलीला फडकं घेऊन गाडी पुसत होती. मागची सीट दोनदा पुसली. पुढची एकदाही नाही. तिला धूळ खपत नाही, पण असं अर्धवट का पुसावं?

२२ डिसेंबर, रविवार

आजची फजिती. लिहूनच ठेवतो, कारण गुरुजी गावभर सांगणारच आहेत.

ठरवलं होतं, नवी गाडी आधी अणदूरच्या खंडोबाला दाखवायची, मगच हिला बसवायचं. देवापुढं कुणाचं काही चालत नाही, तिची भीती तरी कशी चालेल. सातला निघालो. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर. फुलं घेतली, नारळ घेतला, देवळात गेलो. गाभाऱ्यात देव नाही.

मार्गशीर्षात देव नळदुर्गाला जातो आणि पौषातली यात्रा झाली की अणदूरला परत येतो. दोन गावांत एकच देव. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी स्वतः त्या यात्रेच्या जादा गाड्या चालवल्यात! आणि आज नळदुर्गातूनच आलो. देवाच्या गावातून ऐंशीच्या स्पीडनं.

सिद्धाराम, माझा मेव्हणा, अणदूरलाच शेती करतो. देवळाबाहेर गाडी बघून आला. "शरणार्थ दाजी. देव घरी न्हाय. काय निरोप ठिवायचा का?" मग तोच मला घेऊन उलटा नळदुर्गाला निघाला. तो त्याच्या स्कूटीवर पुढं, मी उंटावर मागं. तिथं दर्शन झालं आणि त्यानं गाडीवर भंडारा उधळला. उधळला म्हणजे पोतं रिकामं केल्यासारखा. मीटरवर, काचेमागं, जिथं जिथं फट दिसली तिथं. वाऱ्यानं तो सगळा रस्ताभर माझ्या हेल्मेटात येत राहिला. तुळजापूरला पंपावरच्या माणसानं विचारलं, काका, हळद कुणाची होती?

निघताना सिद्धाराम म्हणाला, "अक्काला का न्हाय आणलं?" म्हणालो, भिते ती. तो म्हणाला, "अक्का? भिती?" आणि माझ्याकडं बघत राहिला. मी तुरीचं विचारलं.

घरी आलो तर ही दारात. मला पिवळा बघून पदर तोंडाला लावला. "देव नळदुर्गाला हाय, हे ठाव होतं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

२४ डिसेंबर, मंगळवार

सहा दिवस राहिले. आज ठरवलं, सराव करायचा. मागं वजन असलं की गाडी कशी वागते ते कळायला पाहिजे. ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं मागच्या सीटवर दोरीनं आवळलं आणि शाळेच्या मैदानात नेलं. सुट्टी झाली होती, कुणी नव्हतं.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत पोत्याला म्हणालो, घट्ट धर. तिसऱ्या फेरीत गोलपोस्टजवळ थांबायला गेलो. डावा पाय टेकवायचा होता, तिथं नेमका खळगा. गाडी सावकाश डावीकडं कलली. लई सावकाश. मला सगळं दिसत होतं आणि काहीच करता येईना. पोतं खाली, गाडी त्याच्यावर, मी बाजूला. गाडीला काही झालं नाही. पोतं फाटलं.

उठून उभा राहिलो. पोत्याच्या जागी ही असती तर — एवढंच डोक्यात. अठ्ठ्याण्णवचा तिचा आवाज आठवला. ओरडली नव्हती. "अवं, तुम्हाला लागलं का?" असं विचारलं होतं, हात धरून, मातीत बसून. मी तेव्हा काही बोललो नाही. नंतरही कधी बोललो नाही.

कुंपणावरून अंबादास गुरुजी. "प्रवाशाला लागलं का रे?" मग ते आत आले आणि दोघांनी मिळून गाडी उभी केली, ज्वारी गोळा केली. म्हणालो, गुरुजी, हिला सांगू नका. ते म्हणाले, "न्हाय सांगत. पण घरी जाऊन ज्वारीतले खडे तूच निवड." निवडले. ही विचारत होती, आज काय झालंय तुम्हाला. म्हणालो, रिटायर माणसानं घरात मदत करावी.

२६ डिसेंबर, गुरुवार

जेवताना हिनं विचारलं, "येळवसाला कसं जायचं औंदा?"

मी लगेच म्हणालो, "तू एसटीनं ये. सकाळी तुळजापूरची आरामात मिळते, तिथून नळदुर्गाची धर. मी पुढं गाडीनं जातो. ताकातल्या आंबिलाची घागर घेऊन." इतकं भरभर बोललो की घास लागला.

तिनं पाणी दिलं. म्हणाली, "म्हंजे मागं आंबिल बसवताय व्हय."

मी हो म्हणालो. काय म्हणणार? ती भिते, मग जबरदस्ती कशाला. घागर बांधायला रबराचे पट्टे घेऊन आलो. चांगले मिळाले.

२९ डिसेंबर, रविवार

घरभर भज्जीची तयारी. हरभरा, वाटाणा, तूर, चिंचेचा कोळ. ही माझ्याशी नीट बोलते आहे. नीट म्हणजे जास्तच नीट. "अवं", "घ्या", "ठिवा", एवढंच. चेष्टा नाही. दोन दिवसांत एकदाही उंट म्हणाली नाही. मला करमत नाही.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.

सहाला निघालो. घागर मागं, तोंडाला फडकं, वर ताटली, चारी बाजूंनी पट्टे. ही एसटी स्टँडवर. तिला तिथं सोडलंसुद्धा नाही. रिक्षानं गेली. वाटेत स्टँडवरून गेलो तेव्हा ती फलाटावर बाकावर बसलेली दिसली, मांडीवर बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांचा डबा. मी हॉर्न दिला. तिला ऐकू गेला नसावा.

गाडी आज अशी चालली की काय सांगू. घागरीसाठी चाळीसच्या वर गेलो नाही. खड्ड्यापाशी थांबून, बघून, मग पुढं. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, उसाच्या बैलगाड्यासुद्धा पुढं गेल्या. तरी अणदूरच्या शिवारात कच्च्या वाटेला लागलो आणि पट्टा निसटला. आंबिल मागच्या सीटवरून चाकात, चेनीत, माझ्या पाठीवर. शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी पोचलो तेव्हा घागर अर्धी होती आणि सिद्धारामची दोन कुत्री माझी पाठ चाटत होती.

ही माझ्या आधी पोचलेली! दोन एसट्या बदलून. कोपीच्या सावलीत पाच दगडांच्या पांडवांची पूजा मांडून बसली होती. सिद्धाराम म्हणाला, "दाजी, एकतीस वरसं माणसं सुखरूप पोचवली, आन् घागर न्हाय पोचवता आली?" सगळं शिवार हसलं. ही हसली नाही. उठली, ओल्या फडक्यानं माझी पाठ पुसली आणि वाढायला बसली.

भज्जी झकास झाली होती. दोनदा घेतली, तिसऱ्यांदा तिनं न विचारता वाढली. जेवणं झाल्यावर आंबिल शेतात शिंपडून आलो. उरली होती तेवढी. संध्याकाळी ती एसटीनं परत आली, मी गाडीनं. आज एवढंच.

३१ डिसेंबर, मंगळवार

एवढंच नव्हतं. काल एक लिहायचं टाळलं. जेवताना सिद्धारामनं हिला विचारलं होतं, "अक्का, तुला गाडीचं एवढं भ्या कशाचं?" ही भज्जी वाढत होती. म्हणाली, "मला कुठलं भ्या? सव्वीस वरसात मला कुणी बस म्हणलंच न्हाय."

आज सकाळी गाडी दारात काढली. अठ्ठ्याण्णव सालचं जे बोलायचं राहिलं होतं ते आधी बोललो. मग म्हणालो, बस.

बसली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अवं, किती थरथरताय."

म्हणालो, मी नाही, इंजिन थरथरतंय.

म्हणाली, "मग आधी ते चालू तरी करा."