चौदा वाक्यं आणि एक अंगठा

३ फेब्रुवारी, सोमवार

वहीबाई, काल काय सांगितलं होतं ते विसरलीस ना? तुझं बरं आहे, पान उलटलं की मोकळी. मी ऐंशीला टेकले तरी मला सगळं आठवतं, आणि तू कोरी करकरीत असून तुला दुसऱ्याने वाचून दाखवावं लागतं.

लिहिणारी माझी नात, बोलणारी मी. नियम जुनाच — मी एकेक वाक्य सांगायचं, बोटाचं एकेक पेर मोजायचं, आणि शेवटी तिने सगळं वाचून दाखवायचं. पेरं आणि वाक्यं जुळली की दिवस मिटला. चाळीस वर्षं पक्षाचे झेंडे शिवले, कुणी एक टाका गाळला तरी बोटांना कळतं. नात म्हणते, "आजी, तुझा माझ्यावर विश्वासच नाही." आहे गं. म्हणून तर नुसती पेरं मोजते, टेप नाही काढली.

बाहेरच्या खोलीत पक्षाचं कार्यालय. तिथे आज सकाळपासून खुर्च्या सरकताहेत. निवडणूक महिन्यावर आली आहे आणि पलीकडच्यांचा चॅनेल आमच्या साहेबांना रोज धुऊन वाळत घालतो. तिथे एक बातम्या सांगणारा आहे. मी त्याला ओरड्या म्हणते. त्याला मेलेल्याची बातमी दिली तर मेलेला उठून बसेल. माझा मुलगा पक्षाचा प्रचार बघतो, तो म्हणाला, "आता आपलीही वेबसाईट काढायची. त्यांनी खोटं सांगायचं, आपण तासाभरात खरं सांगायचं."

मी म्हटलं, तासाभरात भात शिजतो रे, खरं नाही. कुणी हसलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वेबसाईटचं नाव ठरलं — 'खरी बाजू'. नावावर तीन तास, रंगावर दोन. संगणकवाला पडद्यावर रंग दाखवत होता. मी दारातून म्हटलं, हा लाल धुतल्यावर उतरतो. संगणकवाला म्हणाला, "आजी, हा धुवायचा नसतो." मग बरंय, म्हटलं. तुम्हाला बरेच डाग पडणार आहेत.

मुलगा आता झेंडे शिवायला सांगत नाही. कापडाचे कारखान्यातून गठ्ठ्याने येतात, आणि खरे झेंडे म्हणे आता फोनमध्ये. मला फक्त समारंभाचं काम. उद्घाटनाला संगणकावर टाकायचा पडदा शिव म्हणाला, फीत शिव म्हणाला. मागे एकदा किल्लीसाठी मखमली गादी शिवून घेतली होती. किल्लीला गादी, आणि मला बसायला लाकडी स्टूल!

८ फेब्रुवारी, शनिवार

काल ओरड्याने हॉस्पिटलची बातमी दिली. साहेबांनी हॉस्पिटलला नवी खोली बांधून दिली, श्वासाचं नवं यंत्र दिलं, पण उद्घाटन व्हायचं म्हणून खोली बंद ठेवली आणि त्यापायी ऑक्टोबरात एक म्हातारा गेला. म्हातारा म्हणजे हे. माझा नवरा. आयुष्यभर पक्षाची पत्रकं भिंतींना चिकटवली त्या माणसाने, ओरड्याने त्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

मुलगा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. किती दिवसांनी बसला! म्हणाला, "आई, त्या दिवशी काय झालं ते तुझ्या तोंडून हवंय. घरच्या माणसाने सांगितलं की त्यांचं तोंड बंद होतं." त्या दिवशी तो तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या समारंभाची तयारी बघत होता.

मग मी सांगितलं, नातीने लिहिलं. तुझ्यातही राहू दे, वहीबाई.

त्या दिवशी सकाळी ह्यांना धाप लागली. शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. सिस्टरने दारातच चाकाची खुर्ची आणली. तिने तोंडाला नळी लावली, पण जुनं यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. नवं यंत्र शेजारच्या खोलीत होतं, दाराच्या काचेतून दिसत होतं. दाराला कुलूप होतं. सिस्टर किल्लीसाठी तीन वेळा धावली. तिसऱ्या वेळी तिच्या पायात चप्पल नव्हती. फोनवर कुणाला तरी म्हणत होती, माणूस जातोय हो. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मग तिने लोखंडी स्टूल उचलून काचेवर घातलं, पण काच जाड होती. हे माझ्याकडे बघत होते, काचेकडे नाही. दुपारी एकला गेले. सिस्टरने त्यांचे डोळे मिटले आणि माझा हात धरून भिंतीशी खाली बसली.

एका हाताची बारा पेरं, दुसऱ्याची दोन.

९ फेब्रुवारी, रविवार

नातीने कालचं वाचून दाखवलं. चौदा सांगितली होती, चौदा ऐकली. मग तिने एक कागद पुढे केला, मी अंगठा दिला. तिचा हात गार होता. म्हटलं, शाल घे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

'खरी बाजू' सुरू झाली. सभागृहात टेबलावर संगणक, संगणकावर माझा पडदा, पडद्याभोवती माझी फीत. साहेबांनी फीत कापली. संगणकाला फीत कापून उघडणारे आमचेच. आत काय आहे ते आधी शंभर जणांचं फोनवर बघून झालं होतं, तरी पडदा सरकल्यावर सगळ्यांनी अगदी नवल केलं.

माझा फोटो भिंतीएवढा लावला, खाली अंगठा. माझा अंगठा एवढा मोठा मी कधी बघितला नव्हता. साहेब म्हणाले, "या माउलीने सत्य सांगितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोखाली काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं होती. मला काय, मी मुंग्याच बघितल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टर आली नाही. दर गुरुवारी येते. माझा रक्तदाब बघते, मी तिचं काही उसवलेलं शिवून देते. ऑक्टोबरपासून एक गुरुवार चुकला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. नातीला म्हटलं, फोन लाव. म्हणाली, "बॅटरी संपलीय." दिवसभर त्याच फोनवर बोलत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काठी घेतली आणि एकटीच हॉस्पिटलात गेले. सिस्टरच्या टेबलावर दुसरीच मुलगी. फाटकाशी चहावाली आहे, तिला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळला, पैसे घेतले, आणि मग म्हणाली, "आजी, तुम्हीच काढलंत की तिला. आता कशाला चौकशी?"

मी काय केलं, म्हटलं. तिने फोन काढला आणि फाटकाशी उभ्याउभ्या मला 'खरी बाजू' वाचून दाखवली. माझ्या तोंडी लिहिलंय — आम्ही हाका मारत होतो, सिस्टर जागेवर नव्हती. खोली उघडी होती, यंत्र तयार होतं, पण ते लावणारं माणूस नव्हतं. ती आली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी पेरं मोजत होते. सवय. चौदा वाक्यं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

सिस्टरला कामावरून काढून घरी बसवलंय. वीस तारखेला चौकशी. माझा अंगठा हाच पुरावा.

चहावालीने चहा दिला नाही. मी मागितलाही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिही. पेन खाली ठेवू नकोस. वहीबाई, आज मी बोलतेय ते जिच्याविषयी आहे तिच्याच हाताने तुला लिहून घ्यायचंय. दुसरा हात मला नाही.

नात वहीतलं खरं वाचत होती आणि अंगठा दुसऱ्याच कागदावर घेत होती. मी वाचलेलं मोजलं. छापलेलं मोजायला मला कुठे येतं? तिला विचारलं, चौदाच कशी गं झाली? तर म्हणाली, "तू कुणाकडून तरी वाचून घेशील आणि मोजशील, म्हणून."

बघ. माझं मोजायचं शहाणपण मलाच नडलं.

ती म्हणते, "बाबा म्हणाले, नुसती वाक्यं सरळ करायचीत. चॅनेलवाले रोज खोटं बोलतात, आपण एकदा." मी म्हटलं, ओरड्या रोज खोटं बोलतो आणि त्या दिवशी नेमका खरं बोलला. एक दिवस तो खरं बोलला तर तुम्ही त्याची जागा भरून काढलीत. ती रडतेय. रड, पण पान भिजवू नकोस. आणि हेही लिही की तू रडलीस.

लिहिलंन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टरकडे गेले. दार लगेच उघडलं. मला वाटलं होतं तोंडावर आपटेल. तिने खुर्ची दिली, दंडाला पट्टा बांधला आणि रबरी फुगा दाबत बसली.

"किती?" मी विचारलं.

"जास्त आहे."

"असणारच. मी ते लिहिलं नाही गं."

"ठाऊक आहे," म्हणाली. "तुम्हाला लिहिता कुठे येतं?"

दोघी हसलो. नको तेवढं हसलो.

मग मी म्हटलं, चौकशीत सांग की तू कुणाला फोन केलास. ती पट्टा सोडायला लागली. म्हटलं, नोकरी जातेय तुझी, बोलत का नाहीस? तिने पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "किल्ली सजवून ठेवली होती म्हणाले. मखमली गादीवर टाचलेली. आता काढली तर उद्या साहेबांपुढे काय धरू, म्हणाले. चार महिने झाले, आजी. तुम्हाला कशाला सांगायचं होतं मी."

कोण म्हणाले ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

लाल मखमल. चार कोपऱ्यांना गोंडे, मधे दोन फासे. किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात होती, वहीबाई. आठ दिवस. ह्यांना धाप लागली तेव्हा ती घरातच होती, खाटेपासून चार पावलांवर. हॉस्पिटलात कुलूप समोर दिसत होतं आणि मला किल्ली आठवली नाही. कुठल्या कुलपाची ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी शिवणारी, विचारणारी नव्हे.

आणि तुला विसराळू म्हणते मी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलाला समोर बसवलं. फोन उलटा ठेवायला लावला. म्हटलं, त्या दिवशी सिस्टरचा फोन तुलाच आला होता ना?

तो टेबलावरची पत्रकं नीट रचायला लागला. "तिने पेशंट म्हटलं, आई. बाबा म्हटलं नाही. दोनदा नुसतं पेशंट."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा म्हणाली. मी निघालो होतो. घरी येऊन डबा उघडला, किल्ली काढत होतो, तेवढ्यात परत फोन आला."

त्याचा चेहरा ह्यांच्यासारखा दिसत होता. मला नको होता तसा दिसायला.

म्हणाला, "एक महिना थांब. निवडणूक होऊ दे. मग सिस्टरला परत घेऊ, मी शब्द देतो." मी म्हटलं, तेव्हाही एकच दिवस थांबायचं होतं रे.

तो उठून गेला. मी ट्रंक उपसली. तळाशी गादी होती. समारंभ पुढे ढकलला तेव्हा कुणीतरी घडी घालून ठेवली असणार. मखमलीवर किल्लीचा आकार अजून दबलेला आहे. बोट फिरवलं की दातेसुद्धा लागतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नात म्हणाली, "आजी, तुझं आठ तारखेचं खरं 'खरी बाजू'वर टाकू? पासवर्ड अजून माझ्याकडे आहे." टाक म्हटलं. खाली गादीचंही टाक, आणि हेही की त्या सकाळी ओरड्याचा कॅमेरावाला हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा होता, साहेब तयारी बघायला येतील म्हणून; आत जाताना मी बघितला. तो माणूसही स्टूल उचलायला आत आला नाही.

दहाला टाकलं. अकराला वेबसाईट बंद. बाराला ओरड्या माझा फोटो घेऊन ओरडत होता. सगळं वाचलंन, कॅमेऱ्याचं तेवढं गाळून.

मोजलं मी. त्याचीही पेरं कमी भरली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी झाली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे झाकलेले ग्लास. मी सगळं सांगितलं, डबा माझा होता तेही. साहेबांचा वकील फार गोड बोलला. "आजींना वाचता येत नाही. आधीच्या कागदावर अंगठा त्यांचाच, आताच्यावरही त्यांचाच. उद्या तिसरा कागद आला तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच बोलला तो. मग मी पिशवीतून गादी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, हे वाचता येतं का बघा. टाके माझे आहेत, किल्ली तुमची आहे.

तिघांतल्या मधल्या माणसाने हॉस्पिटलातून त्या कुलपाची किल्ली मागवली आणि खळग्यात ठेवली. बसली. त्याने काहीतरी लिहिलं, कागद उलटला, परत लिहिलं.

सिस्टरचं नाव आरोपातून निघालं. तिथे मुलाचं लागलं. पहिल्या खोट्याखाली साहेबांची सही कुठेच नव्हती, ती कधीच नसते. पक्षाने संध्याकाळीच मुलाला काढल्याचं सांगितलं. कुठे सांगितलं? 'खरी बाजू'वर. तेवढ्यापुरती परत सुरू केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर वेगळं दिसेल, वहीबाई. सिस्टर लिहितेय. कालपासून मी तिच्याकडे. घरात मुलगा माझ्यासमोर जेवायला बसत नाही, मग मीच उठले.

एवढी ओळ फाडून नातीला द्यायची: मऊ पाव, दोन उकडलेली अंडी, दूध थोडं. दोघींपुरतं. तुझ्या हाताने नको, बापाच्या हाती पाठव. मीठ विसरला तरी चालेल, पण त्यानेच यायचं.