स्टॉक संपल्याचे पेढे

रविवार, ९ डिसेंबर २०१२
मलकपेठ, संध्याकाळ

बरकतपुऱ्यात कुलकर्णी सरांच्या घरी आज आम्हा पक्षीमित्रांना पेढे वाटले. माझा पेढा पर्समध्येच चिरडला.

मेलेले पोपट पेंढा भरून, दिवाणखान्याची शोभा म्हणून विकू नका, असं आम्ही एका विक्रीच्या वेबसाइटला महिनाभर कळवतोय. एका शब्दाचंही उत्तर नाही. आज पोपटाच्या फोटोखाली ‘स्टॉक संपला’ दिसलं आणि सगळ्यांना वाटलं, जिंकलो. फोटो मात्र तसाच आहे. पाय तारेनं फांदीला बांधलेले, गळ्यातली गुलाबी कंठी अजून ताजी.

मी म्हटलं, “सर, स्टॉक संपला म्हणजे सगळे विकले गेले.”

सर म्हणाले, “तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही.”

शेजारी बसलेले रफीकभाई हसले, “मॅडम, काम हो गया. अब फिकर नक्को करो.”

मग ग्रुप फोटो. त्यात मीही हसलेय. कशाला हसले?

घरी येऊन ते पान पुन्हा उघडलं. तीच कंठी. खाली बटण, ‘माल आल्यावर कळवा’. परत विकायला काढले तर निदान कळेल, म्हणून माझा ईमेल टाकला. मिनिटभरात उत्तर आलं. तक्रारींना कधी न आलेलं उत्तर. आपल्या पसंतीबद्दल आभार, वाढत्या मागणीमुळे नवा माल लवकरच येत आहे.

त्या मागणीत आता मीही आहे. आणि नवा माल आत्ता समोरच्या चिंचेवर कलकलाट करतोय.